तिथीचें गणित आणि कोंकणचे गणिती

इ. स. १८९८ च्या जानेवारी महिन्याची २२ तारीख. वार शनिवार, तिथि पौष वद्य अमावास्या. त्या दिवशीं दुपारीं सूर्याला खग्रास ग्रहण लागलें आणि चंद्राची छाया अरबी समुद्र ओलांडून कोंकणच्या किनाऱ्यावर चढली. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील विजयदुर्ग येथें इंग्रज ज्योतिषी सर नॉर्मन लॉक्यर यांनीं आधींच आपला तळ दिला होता. त्यांच्या मदतीला ‘मेल्पोमीन’ या लढाऊ जहाजावरील खलाशी होते. खग्रास स्थिति टिकली ती जेमतेम दोन मिनिटें. तेवढ्यासाठीं ही मंडळी विलायतेहून आली होती.

त्याच वेळीं किनाऱ्यावरच्या गांवोगांवीं स्पर्शाचें स्नान, जप, दान आणि मोक्षाचें स्नान हा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम चालला असेल, हें वेगळें सांगावयास नको. दुर्बिणीशीं उभा असलेला साहेब आणि ओल्या पंचानें जप करीत बसलेला गृहस्थ, या दोघांचेंही लक्ष एकाच क्षणाकडे होतें; आणि तो क्षण दोघांनाही आगाऊ कळला होता तो गणितानेंच.

ग्रहण हें धर्मकृत्यांतील मोठें अडचणीचें प्रकरण आहे. एकादशी एक दिवस पुढेंमागें झाली तर आकाशांत कांहीं दिसत नाहीं. उपास करणाऱ्यास चूक कळत नाहीं आणि सांगणाऱ्यासही कळत नाहीं. ग्रहणाचें तसें नाहीं. पंचांगांत तिसऱ्या प्रहरीं लिहिलेलें ग्रहण दुसऱ्या प्रहरींच लागलें, तर शाळेंत जाणारें पोरही जोशीबोवांस जाब विचारील. म्हणूनच ज्या शास्त्रीमंडळींनीं एरवीं जुन्या गणिताचा हट्ट सोडला नाहीं, त्यांतील पुष्कळांनीं ग्रहणापुरतें नवें गणित मुकाट्यानें पत्करलें.

गणित हा बुद्धीचा प्रांत आणि धर्म हा श्रद्धेचा, दोहोंचा संबंध काय, अशी समजूत सुशिक्षित घरांतून पुष्कळदां आढळते. पायथागोरसच्या अनुयायांनीं संख्या हेंच विश्वाचें मूळ मानलें, ही गोष्ट मग दूरच्या देशांतील एक चमत्कार म्हणून सांगितली जाते. परंतु ईस्टरचा सण वसंतसंपाताशीं जुळावा म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांस इ. स. १५८२ सालीं दहा दिवस गाळावे लागले, आणि यज्ञाचा काळ चुकूं नये म्हणूनच आपल्याकडे वेदांगांत ज्योतिषाला जागा मिळाली, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या दोहोंचें घर एकच होतें असें दिसतें. त्या घरांत भांडण झालें नाहीं असें मात्र नाहीं. महाराष्ट्रांत तें भांडण गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत पेटलें, आणि त्यांतील पुष्कळ मोठीं माणसें कोंकणच्या मातीचीं होतीं.

भांडण कशाचें, हें समजण्यास तिथि म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. सूर्य आणि चंद्र यांच्यामधील अंतर बारा अंशांनीं वाढलें कीं एक तिथि संपते. व्याख्या एवढीच. पण चंद्राची चाल सारखी नसते. कधीं तो धांवतो, कधीं रेंगाळतो. म्हणून तिथि कधीं साठ घटिकांहून लांबते, कधीं आंखडते, आणि ती दिवसाच्या किंवा रात्रीच्या कोणत्याही घटकेस संपूं शकते. सूर्योदयास दशमी होती कीं एकादशी, अपराह्णकाळीं वडिलांच्या श्राद्धाची तिथि होती कीं ती सरून गेली होती, यावर व्रताचा आणि श्राद्धाचा दिवस ठरतो. श्रद्धाळू मनुष्याला हा शब्दच्छल वाटत नाहीं. वर्षांतून एकदां पितरांच्या नांवानें पान वाढावयाचें, तें भलत्याच दिवशीं वाढलें गेलें तर काय, ही त्याची खरी काळजी असते. श्रद्धा जितकी खरी, तितकी ही काळजीही खरी; आणि तिचें उत्तर गणिताशिवाय कोणापाशींही नाहीं.

हें उत्तर सुमारें साडेतीनशें वर्षें महाराष्ट्राला एका कोंकणस्थ ग्रंथानें दिलें. मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं शके १४४२ मध्यें, म्हणजे इ. स. १५२० सालीं, ‘ग्रहलाघव’ रचला. (हें मुरुड निराळें आणि दापोली तालुक्यांतील मुरुड निराळें, दुसऱ्याची गोष्ट पुढें येणारच आहे.) गणेशांचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः आकाशाचे वेध घेणारे होते, आणि जुन्या ग्रंथांचें गणित आकाशाशीं जुळेनासें झालें म्हणजे तें सुधारून घेतलें पाहिजे, असें त्यांचें स्पष्ट मत होतें. मुलानें तेंच व्रत चालविलें. कोणता ग्रह सौर पक्षाप्रमाणें बरोबर येतो, कोणता आर्य पक्षाप्रमाणें आणि कोणता ब्राह्म पक्षाप्रमाणें, हें पाहून त्यानें ज्याचें जें जुळलें तें घेतलें. जेथें कोणाचेंच जुळेना तेथें कला-अंशांचा फरक करून घेतला. परंपरेविषयीं पूर्ण आदर असलेला हा मनुष्य परंपरेंतल्या ग्रंथांना आकाशापुढें साक्षीला उभे करतो, ही गोष्ट लहान नाहीं.

ग्रहलाघवाची दुसरी करामत सोपेपणाची. त्यांत ज्या आणि चाप यांचीं कोष्टकें लागत नाहींत; त्रिकोणमिति न शिकलेला ग्रामजोशीही बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांवर ग्रह काढूं शकतो. दिवसांची संख्या फुगत जाऊं नये म्हणून ४०१६ दिवसांचें, सुमारें अकरा वर्षांचें, चक्र धरून त्यानें आंकडे आटोपशीर ठेवले. एवढ्या सोईमुळें ग्रंथ घरोघर गेला, पाठ झाला, आणि पाठ झाल्यामुळेंच हळूहळू पवित्रही झाला. वेध घ्या म्हणणाऱ्याचा ग्रंथ वेध न घेतां म्हटला जाऊं लागला.

याच वृत्तीला सतराव्या शतकांत एका मोठ्या पंडितानें तात्त्विक आधार दिला होता. मूळच्या गोदातीरच्या गोळग्रामच्या घराण्यांतील कमलाकर हे काशीस राहत असत. त्यांचा ‘सिद्धांततत्त्वविवेक’ इ. स. १६५८ चा. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : ग्रहणासारख्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींस वेधाशीं जुळणारें गणित घ्यावें, पण व्रत, श्राद्ध यांचें फळ अदृष्ट असतें, म्हणून त्यांची तिथि सूर्यसिद्धांताच्या मूळ आर्ष गणितानेंच काढावी. फळ दिसत नाहीं म्हणून गणितही दिसण्याची गरज नाहीं, असा हा युक्तिवाद. तो वरवर हास्यास्पद वाटला तरी त्याच्या पोटीं एक अडचणीचा प्रश्न आहे. धर्माची तिथि ही आकाशांतली घटना आहे, कीं ती शास्त्रानें नेमून दिलेली वेळ आहे? ती नेमलेली वेळ असेल तर आकाशाला विचारण्याचें कारण उरत नाहीं.

इंग्रजी अमदानींत हा प्रश्न पुण्यास पुन्हां उभा राहिला. अलिबागजवळच्या नागांवचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे लोकांचे केरूनाना, हे डेक्कन कॉलेजांत गणित शिकवीत. युरोपीय गणिताच्या आधारें त्यांनीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ हा ग्रंथ इ. स. १८६० सालीं प्रसिद्ध केला, आणि आबासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें शके १७८७ (इ. स. १८६५) पासून नव्या गणिताचें पंचांग निघूं लागलें. त्यालाच पुढें पटवर्धनी पंचांग म्हणूं लागले.

येथें चंद्रानें एक मौज केली. चंद्राची मध्यम आणि स्पष्ट जागा यांत जो फरक पडतो, तो जुन्या ग्रंथांनीं पांच अंशांच्या आसपास धरलेला आहे. अमावास्या-पौर्णिमेस तो पुष्कळ अंशीं बरोबर येतो, आणि ग्रहणें तर तेव्हांच होतात. पण सूर्याच्या आकर्षणामुळें शुक्ल-कृष्ण अष्टमीच्या सुमारास तोच फरक साडेसात अंशांवर जाऊं शकतो. तेव्हां जुन्या गणितानें काढलेली तिथि चार-पांच तासांपर्यंत चुकते. ग्रहण हीच गणिताची एकमेव कसोटी धरल्यामुळें ही चूक शतकानुशतकें लपून राहिली. शके ८५४ मध्यें मुंजाल या ज्योतिष्यानें ‘लघुमानसांत’ अशा जातीचा एक संस्कार सांगितला होता. परंतु पंचांगाच्या गणितांत तो रुजला नाहीं.

याचा परिणाम असा झाला कीं, जुन्या हिशेबानें तिथि फार तर पांच घटिकांनीं वाढते आणि सहा घटिकांनीं घटते, तर खऱ्या चंद्राच्या तिथीची वाढ सुमारें सात घटिकांची आणि क्षय दहांचा. धर्मशास्त्राच्या पंडितांत पहिलें माप ‘बाणवृद्धि रसक्षय’ या नांवानें रुळलेलें होतें. बाण म्हणजे पांच आणि रस म्हणजे सहा. श्राद्धाचे व व्रताचे निर्णय या मापावर बसविलेले आहेत, दहा घटिकांचा क्षय आला तर ते निर्णय कोलमडतील, अशी शास्त्रीमंडळींची हरकत होती. ती केवळ दुराग्रहाची नव्हती, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. त्यांच्यापुढें प्रश्न एका तिथीचा नव्हता; ग्रंथांतील एक वीट काढली तर वरची भिंत कोणत्या आधारावर उभी राहणार, असा होता. मात्र केशव-गणेश या पितापुत्रांनीं हीच वीट काढून दुसरी बसविली होती, हें ते सोईस्करपणें विसरत होते.

तिथीचा वाद एक वेळ मिटण्यासारखा होता, कारण तिथि म्हणजे सूर्यचंद्रांमधील अंतर, आणि तें कोठूनही मोजलें तरी तेंच येतें. खरी गांठ होती आरंभस्थानाची. राशिचक्राला सुरुवात कोठें? सूर्यसिद्धांतानें रेवती नक्षत्राची योगतारा चक्राच्या शेवटाला, म्हणजे आरंभाच्या अगदीं लगत, सांगितली आहे आणि चित्रा नक्षत्राची तारा बरोबर १८० अंशांवर. कागदावर हें ठीक आहे. आकाशांत रेवतीची म्हणून मानलेली तारा आणि चित्रा यांमधील अंतर १८० नसून जवळजवळ १८४ अंश भरतें. म्हणजे ग्रंथाचीं दोन वाक्यें एकाच वेळीं खरीं मानतां येत नाहींत. एक धरलें कीं दुसरें सुटतें. छत्र्यांनीं रेवती धरली. व्यंकटेश बापूजी केतकर यांनीं पुढें चित्रा धरली. (हे केतकर बागलकोटचे, व्यवसायानें शिक्षक, नेपच्यूनच्या पलीकडील ग्रहांचें गणित त्यांनीं इ. स. १९११ सालीं फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेंत प्रसिद्ध केलें होतें.) रेवतीची ती तारा इतकी अंधुक कीं, चांदण्या रात्रीं ती शोधून काढणें कठीण; चित्रा ठळक, पहिल्या प्रतीची. पण ठळकपणा हा कांहीं शास्त्राचा आधार नव्हे, असें रेवतीपक्षाचें म्हणणें, आणि तें खोडून काढणें सोपें नाहीं.

चार अंश म्हणजे सूर्याचे चार दिवस. या हिशेबानें एका पक्षाची मकरसंक्रांत १० जानेवारीस येते आणि दुसऱ्याची १४ जानेवारीस. अधिकमास कोणता, हें संक्रांतीवरूनच ठरतें. ज्या चांद्रमासांत संक्रांत पडत नाहीं तो अधिक. तेव्हां संक्रांत चार दिवस सरकली कीं एखाद्या वर्षीं धोंड्याचा महिनाच दुसरीकडे जातो आणि मागचेपुढचे सगळे सण महिन्यानें हलतात.

आणि विसाजी रघुनाथ लेले यांनीं तिसराच पक्ष मांडला. तारे कशाला, ऋतूच धरा, असें त्यांचें म्हणणें होतें. खरें उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेस सुरू होतें. तिळगूळ मात्र तीन आठवड्यांनंतर वांटला जातो, आणि जुन्या वर्षमानामुळें तो दर साठ वर्षांस आणखी एक दिवस पुढें ढकलला जातो. वेदांनीं वसंताचे म्हणून सांगितलेले महिने एके काळीं ग्रीष्मांत जाणार हें उघड आहे. हा सायन पक्ष. जनार्दन बाळाजी मोडक त्याला मिळाले, आणि मिळाले ते शंकर बाळकृष्ण दीक्षित.

दीक्षितांजवळ थोडें थांबलें पाहिजे. दापोली तालुक्यांतील मुरुड हें त्यांचें गांव, जन्म इ. स. १८५३ चा. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, कॉलेजचें तोंड त्यांनीं विद्यार्थी म्हणून पाहिलें नाहीं. आयुष्य शिक्षकीच्या नोकरींत गेलें, आणि अखेरीस ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत होते. डॉ. फ्लीट यांनीं गुप्त राजांचे शिलालेख इ. स. १८८८ सालीं छापले, तेव्हां त्यांतील मित्यांचें गणित दीक्षितांनीं करून दिलें, आणि गुप्त शकाचा आरंभ इ. स. ३१९-२० हा त्या गणितानें पक्का झाला. रॉबर्ट सीवेल यांच्याबरोबर त्यांनीं इंग्रजींत हिंदी पंचांगावर जो ग्रंथ केला तो इ. स. १८९६ चा. त्याच सालीं त्यांचा मराठी ग्रंथ ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ बाहेर पडला. दक्षिणा प्राइझ कमिटीच्या बक्षिसासाठीं तो लिहिला गेला होता. वेदांपासून आपल्या काळच्या छापील पंचांगांपर्यंत सर्व मजकूर त्यांत आहे. जो ग्रंथ पाहिला तो पाहिला म्हणून आणि जो पाहिला नाहीं तो पाहिला नाहीं म्हणून सांगितलेला आहे. हिंदुस्थान सरकारला त्याचें इंग्रजी भाषांतर इ. स. १९६९ व १९८१ मध्यें दोन भागांत काढावेंसें वाटलें, यावरून त्याचें मोल समजावें. मूळ ग्रंथ बाहेर पडल्यानंतर दोनच वर्षांनीं, विजयदुर्गच्या ग्रहणानंतर तीन महिन्यांच्या आंत, दीक्षित वारले. वयाचीं पंचेचाळीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

दीक्षितांच्या हातून झालेलें सर्वांत धीट गणित शतपथ ब्राह्मणांतील एका विधानाचें. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत, इतर नक्षत्रें ढळतात, असें तेथें यज्ञाच्या संदर्भांत आलें आहे. सहस्रावधि वैदिकांनीं तें पाठ म्हटलें असेल. दीक्षितांनीं तें वेधाची नोंद म्हणून वाचलें. कृत्तिका बरोबर पूर्वेस उगवत असतील तर त्या विषुववृत्तावर असल्या पाहिजेत. आज त्या पुष्कळ उत्तरेस उगवतात. संपाताच्या चलनाचा वेग माहीत आहे. तेव्हां त्या पूर्वेस उगवत होत्या तो काळ इसवी सनापूर्वीं सुमारें ३००० वर्षांचा. हा हिशेब त्यांनीं इ. स. १८९५ मध्यें ‘इंडियन अँटिक्वेरी’त मांडला. थीबोसारख्या युरोपीय पंडितांनीं अशा अनुमानांवर आक्षेप घेतले. एका वाक्याला एवढें ओझें पेलवेल काय, ही त्यांची शंका गैर नव्हती आणि आजही ती पुरती मिटलेली नाहीं.

पण श्रद्धेच्या दृष्टीनें या गणिताला एक धार आहे. वेद अपौरुषेय आणि अनादि, ही परंपरेची भूमिका. त्यांतल्या एका वचनाला साल लावतां येतें म्हटलें, कीं तें वचन कोणीतरी, केव्हांतरी, उगवत्या नक्षत्रांकडे पाहत उच्चारलें असें होतें. दीक्षित स्वतः धर्मनिष्ठ गृहस्थ. सायन पंचांगासाठीं ते झटले तेही वेदांतील ऋतु आणि आपले सण यांची फारकत होऊं नये म्हणूनच. वेदांची प्राचीनता सिद्ध झाली म्हणून पुष्कळांनीं आनंद मानला. पण ज्याला प्राचीनता मोजतां येते, त्याला अनादि कसें म्हणावें, हा प्रश्न त्यांच्यापैकीं फारच थोड्यांनीं स्वतःला विचारला.

विचारणाऱ्यांत बाळ गंगाधर टिळक होते. त्यांचा जन्म रत्नागिरी शहरांतला, इ. स. १८५६ चा, म्हणजे दीक्षितांहून ते तीन वर्षांनीं लहान. डेक्कन कॉलेजांत ते केरूनानांचे विद्यार्थी. गीतेंत श्रीकृष्णानें महिन्यांत आपण मार्गशीर्ष असें कां म्हटलें, या विचारांतून त्यांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ निघाला, आणि तो इ. स. १८९३ सालीं प्रसिद्ध झाला; त्याच वर्षीं जर्मन पंडित याकोबी स्वतंत्रपणें जवळजवळ त्याच निर्णयास पोंचले होते. गीता वाचतांना ज्याला अयनचलनाचें गणित आठवतें, असा वाचक गीतेला क्वचितच मिळाला असेल. पुढें ‘आर्क्टिक होम’ या इ. स. १९०३ च्या ग्रंथांत, वेदांना काळ लावल्यावर त्यांच्या नित्यत्वाचें काय, या प्रश्नाला टिळकांनीं शेवटीं तोंड दिलेंच. तें उत्तर सर्वांना पटेल असें नाहीं. प्रश्न टाळला नाहीं हें महत्त्वाचें.

पंचांगाच्या बाबतींत टिळक सुधारक होते, हें त्यांच्या सामाजिक मतांकडे पाहणाऱ्यांस नवल वाटतें. गणित वेधाशीं जुळलेंच पाहिजे, या मुद्यावर ते तडजोडीस तयार नव्हते. इ. स. १९०४ सालीं मुंबईंत ज्योतिषपरिषद भरली तिचे ते अध्यक्ष होते. मात्र त्यांनीं सायन पक्ष स्वीकारला नाहीं. पद्धति निरयण आणि आरंभस्थान गुरूंनीं धरलेली रेवती, असा त्यांचा कौल. टिळक पंचांगाचा पाया हाच.

ज्या मुरुड गांवानें दीक्षित दिले, त्याच गांवचे धोंडो केशव कर्वे, जन्म इ. स. १८५८. टिळकांनीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर फर्ग्युसन कॉलेजांत गणिताची जागा मोकळी झाली, ती इ. स. १८९१ मध्यें कर्व्यांस मिळाली. त्यांनीं पंचांगाच्या वादांत भाग घेतला नाहीं. इ. स. १८९३ सालीं त्यांनीं विधवेशीं विवाह केला आणि मुरुडकरांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला. तेथून हाकेच्या अंतरावर, आंजर्ल्याशेजारच्या मुर्डी गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे इ. स. १८९९ मध्यें केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, आणि परत आल्यावर बुद्धिवादाचे उघड पुरस्कर्ते म्हणून त्यांनीं आयुष्य काढलें. एकाच किनाऱ्याचे, पंचवीस वर्षांच्या आंत जन्मलेले, चौघेही शिक्षक आणि चौघेही गणिती. त्यांतील एकाचेंही धर्माविषयींचें मत दुसऱ्याशीं जुळत नाहीं. गणितानें मनुष्य नास्तिक होतो असें म्हणणाऱ्यांनीं आणि गणितानें देव सिद्ध होतो असें म्हणणाऱ्यांनीं, दोघांनींही दापोली तालुक्याची एक फेरी करावी.

स्वातंत्र्यानंतर सरकारनें डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं इ. स. १९५२ मध्यें पंचांगसुधारणेसाठीं समिति नेमली. नागपूरचे केशव लक्ष्मण दफ्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे तिचे सभासद होते. समितीनें चित्रेच्या जवळचें आरंभस्थान घेतलें, इ. स. १९५६ च्या वसंतसंपातास अयनांश २३ अंश १५ कला धरले, आणि ऋतूंशीं जुळणारें राष्ट्रीय सौर पंचांग १ चैत्र १८७९ म्हणजे २२ मार्च १९५७ पासून चालू झालें. सरकारी राजपत्रावर तें छापलें जातें. पण त्याच्या चैत्रांत कोणी गुढी उभारीत नाहीं. घराघरांत चालतें तें कोठें सोलापूरच्या दाते पंचांगासारखें चित्रापक्षाचें, तर कोठें टिळकांचें.

रत्नागिरीच्या बाजूला टिळक पंचांग मानणारीं घरें अजून आहेत. इ. स. २०२३ सालीं चित्रापक्षाच्या पंचांगांत श्रावण अधिक आला, टिळक पंचांगांत तो आला नाहीं. त्यामुळें कांहीं घरीं गणपति २० ऑगस्टला बसले आणि शेजारच्या घरीं १९ सप्टेंबरला. दोन्ही दिवशीं आकाशांत शुक्ल चतुर्थीच होती. तिच्याविषयीं दुमत नव्हतें. मतभेद एवढाच कीं, ती चतुर्थी श्रावणांतली कीं भाद्रपदांतली, आणि तो अखेर एका अंधुक तारकेपाशीं जाऊन थांबतो. मुंबईहून चाकरमानी यावयाचे, मखर बांधावयाचें, माटी सजवावयाची, हें सर्व ऑगस्टांत उरकलेल्या घरांतून पुढच्या महिन्यांत लोक शेजाऱ्याच्या आरतीला जातात आणि प्रसाद घेतात. धोंड्याचा महिना टिळक पंचांगालाही चुकला नाहीं, पुढच्या भाद्रपदाच्या आधीं तो तेथें येऊन गेला, आणि इ. स. २०२४ मध्यें दोन्ही घरचे गणपति ७ सप्टेंबरला, एकाच दिवशीं, बसले.